मागची भिंत धूसर करायची, की दाखवायची?



या आठवड्याचा व्हिडिओ डीएसएलआरवर ‘बॅकग्राउंड ब्लर’ कसा आणायचा यावर आहे. कुठलं बटण दाबायचं, कुठला आकडा कुठे न्यायचा, ते तिथे दाखवलंय. पण तो ब्लर हवाच कशाला, आणि त्यासाठी किती पैसे घालावेत, हे कॅमेऱ्यासमोर बोलायचं राहून गेलं. म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात बोरी अरबच्या एका ताईंच्या फोनपासून करतो. बोरी अरब म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातलं गाव. ताई मुंगवड्या, पापड आणि घरची तूरडाळ विकतात. आत्तापर्यंत ओळखीवर माल जायचा, आता त्यांना पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक हवंय आणि त्यासाठी व्हिडिओ करायचाय. त्यांच्या हातात कॅमेरा आणि वेगळी लेन्स मिळून साठ हजारांच्या आसपासचं कोटेशन होतं, आणि बचत गटातून कर्ज काढायचं ठरत आलं होतं. मी विचारलं, ‘ताई, एवढा कॅमेरा कशाला?’ त्या म्हणाल्या, ‘सर, मागं आमची भिंत दिसते. पोपडे निघालेली. थे नाई दिसली पायजे. पुण्याचे लोक काय म्हणतीन?’

या उत्तराने मी थांबलो. ताईंना ब्लर सुंदर दिसतो म्हणून नको होता. त्यांना घर लपवायचं होतं. आणि त्यासाठी त्या कर्ज काढणार होत्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ब्लर हे गिऱ्हाईकाची नजर मालावर आणायचं साधन आहे. तेवढ्यासाठी वापरा, जरूर वापरा. पण आपलं गाव, आपलं घर, आपली भिंत लपवण्यासाठी कर्ज काढून ब्लर विकत घेऊ नका. त्यात पैसाही जातो आणि आपली सगळ्यात मोठी जमेची बाजूही जाते.

ब्लर येतो कुठून?

आधी गणित समजून घेऊ, म्हणजे दुकानदार काय विकतोय ते कळेल.

लेन्स एका ठरावीक अंतरावर फोकस करते. त्या अंतराच्या थोडं पुढे आणि थोडं मागे एवढा एक पट्टा आपल्याला स्पष्ट दिसतो. त्या पट्ट्याबाहेरचं हळूहळू धूसर होत जातं. या पट्ट्याची जाडी म्हणजे ‘डेप्थ ऑफ फील्ड’. पट्टा अरुंद असला की त्याला शॅलो म्हणायचं, रुंद असला की डीप.

पट्टा अरुंद करायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, अ‍ॅपर्चर. एफ पुढचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि पट्टा अरुंद. एफ १.८ ची लेन्स याच गुणासाठी विकली जाते.

दुसरा, फोकल लेंग्थ. झूम पुढे नेला, म्हणजे १८ मिलिमीटरवरून ५५ वर गेलात, की पट्टा अरुंद होतो.

तिसरा, वस्तूपासूनचं अंतर. हा सगळ्यात जोरदार आणि फुकटचा मार्ग. कॅमेरा निम्म्या अंतरावर आणला की पट्टा साधारण पाव होतो.

यात एक चौथी गोष्ट आहे, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. मागची भिंत किती लांब आहे? भिंत लांब गेल्याने पट्टा बदलत नाही, पण भिंत किती धूसर दिसेल हे त्यावर ठरतं.

आता आकडे बघा. हे एपीएस-सी सेन्सरच्या, म्हणजे आपल्याकडच्या साध्या डीएसएलआरच्या हिशेबाने काढलेले अंदाजे आकडे आहेत. कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ ची किट लेन्स १८ वर ठेवा, एफ ३.५ लावा आणि एक मीटरवरून शूट करा. पट्टा ४० सेंटिमीटरच्या पुढे येतो, म्हणून सगळंच स्पष्ट दिसतं. मग माणसाला वाटतं, लेन्स भंगार आहे. तीच लेन्स ५५ वर न्या. अ‍ॅपर्चर आपोआप एफ ५.६ होईल, म्हणजे भोकाचा आकडा उलट वाढला. तरी त्याच एक मीटरवरून पट्टा उरतो जेमतेम ७ सेंटिमीटर.

आणि वेगळी विकत घ्यायची ती ५० मिलिमीटर एफ १.८? दीड मीटरवरून तिचा पट्टा ६ सेंटिमीटर. म्हणजे अर्धा मीटर पुढे सरकलात तर किट लेन्सही जवळपास तिथेच पोचते. मागचा धूसरपणा ५० च्या लेन्सवर जास्त मऊ येतो, हे खरं आहे, खोटं सांगणार नाही. पण मालाच्या व्हिडिओसाठी किट लेन्सचा ब्लर पुरून उरतो.

भिंतीचंही तसंच. वस्तू भिंतीपासून एक फुटावर ठेवण्याऐवजी दहा फुटांवर ठेवली, तर ५५ वर, एक मीटरवरून, भिंतीचा धूसरपणा तिपटीहून जास्त वाढतो. खर्च काय? टेबल उचलून अंगणात आणायचा.

हे वेड आलं कधी?

ब्लर म्हणजे प्रोफेशनल, ही समजूत फार जुनी नाही. आधीच्या हँडिकॅमचा सेन्सर नखाएवढाही नसायचा, त्यामुळे त्यात पुढचं-मागचं सगळं सारखंच स्पष्ट यायचं. २००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉनचा डी ९० आला, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा, आणि व्हिडिओ फुल एचडी. सिनेमासारखा ब्लर आधीपेक्षा खूपच कमी पैशांत येऊ लागला. ‘हाऊस’ या अमेरिकन मालिकेच्या सहाव्या सीझनचा शेवटचा भाग २०१० मध्ये याच कॅमेऱ्यावर शूट झाला होता.

हेच कॅमेरे लग्नांच्या शूटिंगमध्ये आले, आणि नवरीची मेंदी स्पष्ट, मागचा मांडव दिव्यांचे गोळे, असं दृश्य आपल्या डोळ्यांत बसलं. तेव्हा तो ब्लर दुर्मीळ होता, म्हणून भारी वाटायचा. आज मोबाइलही गणित करून ब्लर लावतो. मोबाइलचा सेन्सर लहान, म्हणून लांबून काढताना तो धूसरपणा खोटा बनवावा लागतो, आणि बरणीची कड किंवा केसांची बट मध्येच पुसली जाते. पण सांगायचा मुद्दा हा की, आता ब्लर सगळ्यांकडे आहे. नुसत्या ब्लरमुळे गिऱ्हाईक थांबेल, ते दिवस गेले.

ब्लर कुठे मारतो?

तीन ठिकाणी आपल्या लोकांचं नुकसान होताना मी पाहतो.

एक, बोलणाऱ्याचा चेहरा. नवी एफ १.८ ची लेन्स घेतली की माणूस ती १.८ वरच ठेवतो. दीड मीटरवर पट्टा ६ सेंटिमीटर. बोलताना तुम्ही जरा पुढे झुकलात की डोळे पट्ट्याबाहेर. तुम्ही एकटे शूट करताय, फोकस धरायला मागे कोणी नाही. अख्खा व्हिडिओ वाया, आणि ते कळतं कधी? मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावर. चेहऱ्यासाठी दोन मीटरवर बसा आणि एफ ४ ठेवा. पट्टा साधारण २४ सेंटिमीटर मिळतो, मान हलवायला जागा राहते.

दोन, माल. ५५ वर, अर्ध्या मीटरवरून, एफ ५.६ ला पट्टा दोन सेंटिमीटरपेक्षा कमी. लोणच्याची बरणी त्याहून जाड असते. बरणीचं पोट स्पष्ट, कडा आणि झाकण धूसर. आणि पाकिटावरचं लेबल? वजन, तारीख, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, हे वाचता आलंच पाहिजे. लोक व्हिडिओ थांबवून, मोठं करून बघतात. तो क्रमांक धूसर दिसला तर त्यांना कला दिसत नाही, शंका येते.

तीन, जागा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पुण्यातल्या बाईला मुंगवडी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. ती बोरी अरबहून का मागवेल? कारण तिला वाटतं की ही खरंच कोणाच्या तरी घरी, हाताने घातलीय, उन्हात वाळवलीय. तुम्ही मागचं सगळं पुसून टाकलं, तर तुमची वडी आणि कारखान्याची वडी यात व्हिडिओत फरक काय उरला? साठ हजार खर्चून तुम्ही स्वतःला दुकानातल्या पाकिटासारखं करून घेतलंत.

सिनेमावाल्यांनाही हे ठाऊक आहे. १९४१ च्या ‘सिटिझन केन’ मध्ये एक प्रसंग आहे. घरात आई कागदांवर सही करून मुलाला दुसऱ्याच्या ताब्यात देतेय, आणि मागे खिडकीबाहेर, दूर बर्फात, तो मुलगा खेळतोय. छायाचित्रकार ग्रेग टोलंडने पुढचं आणि मागचं दोन्ही स्पष्ट ठेवलं. मागचं धूसर असतं तर प्रसंगातला जीवच गेला असता. तिथे मागची गोष्ट हीच खरी गोष्ट होती. तुमच्या व्हिडिओतही, पुढे तुम्ही बोलताय आणि मागे सासूबाई खाटेवर वड्या घालतायत, तर त्या स्पष्टच दिसल्या पाहिजेत.

‘पण सर, फाळक्यांनीही कर्ज काढलंच ना?’

हा प्रश्न मला प्रशिक्षणात हमखास येतो, आणि तो वाजवी आहे. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या, १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पुढे १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. मग आपण साठ हजारांचा धोका का घेऊ नये?

दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, फाळक्यांचा धंदाच सिनेमा होता. कॅमेरा हे त्यांचं यंत्र होतं, ज्याच्यातून माल निघतो ते. ताईंचं यंत्र कुठलं? डाळ वाटायचा ग्राइंडर, वाळवणाच्या जाळ्या, पाकीट सील करायचं मशीन. कर्ज काढायचं तर त्यासाठी काढा. २०२० मध्ये केंद्राने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी पीएमएफएमई योजना आणली. त्यात बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंतचं बीज भांडवल ठेवलं, तेही खेळतं भांडवल आणि छोटी अवजारं यासाठीच. धंद्याचा पहिला पैसा कुठे जावा, याचं उत्तर त्यातही तेच आहे.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. कॅमेरा आणल्यावर फाळक्यांना चित्रपटासाठी भांडवल हवं होतं. पैसेवाल्याची खात्री पटवायला त्यांनी काय दाखवलं? एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर थोडं थोडं चित्रण करून त्या रोपाची वाढ मिनिटभराच्या फिल्ममध्ये दाखवली. ‘अंकुराची वाढ’. नट नाहीत, देखावे नाहीत. एक रोप, आणि ते वाढताना दिसतंय. त्यावर भांडवल उभं राहिलं.

धंद्याचा व्हिडिओ म्हणजे हेच. बघणाऱ्याची नजर एका गोष्टीवर आणायची आणि ती गोष्ट घडताना दाखवायची. ब्लर हे त्यातलं एक साधन आहे, एकमेव नाही.

मग मुंगवडीचा व्हिडिओ कसा काढायचा?

ताईंना मी चार शॉट सांगितले. तुम्ही तुमचा माल डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

पहिला शॉट, हात. वडी घालतानाची बोटं. इथे ब्लर हवाच. झूम ५५, एफ ५.६, एक मीटर अंतर, मागे दहा फूट मोकळं. नजर दुसरीकडे जाणार नाही.

दुसरा, वाळलेली वडी हातात धरून मोडतानाचा. अर्धा मीटर जवळ या. फोकस ऑटोवर सोडू नका, लेन्सवरचं बटण एमएफवर करा, स्क्रीनवर चित्र मोठं करून फोकस लावा आणि हात तिथून हलवू नका.

तिसरा, पाकीट. परत एक मीटरवर जा आणि एफ ८ लावा. पट्टा १० सेंटिमीटर मिळतो. पाकीट कॅमेऱ्यासमोर सरळ धरा, तिरपं नको. प्रत्येक अक्षर वाचता आलं पाहिजे.

चौथा, अंगण किंवा गच्ची. झूम मागे १८ वर, एफ ८, फोकस सव्वादोन मीटरवर. आता साधारण सव्वा मीटरपासून पार मागच्या झाडापर्यंत सगळं स्पष्ट येईल. वाळवण, खाट, घर, आणि हो, ती भिंतसुद्धा.

उजेडाचं एक सांगतो. वाळवण उन्हाळ्यात, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. व्हिडिओ २५ फ्रेमचा असेल तर शटर पन्नासावा भाग ठेवायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातल्या ट्यूबलाइटचं लुकलुकणंही त्यात धरलं जात नाही. पण भर उन्हात, आयएसओ १०० ठेवूनही, या शटरला साधारण एफ २२ लागतो. तिथे एफ ५.६ लावलंत तर चित्र पांढरंफटक. यावर उपाय म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सचा गॉगलच म्हणा. एफ ५.६ साठी १६ पट उजेड कमी करणारा लागेल. आणि तोही नको असेल तर सकाळी ओसरीच्या सावलीत शूट करा. पाकीट नुसतं ठेवलेलं असेल तर शटर आठशेव्या भागापर्यंत नेलंत तरी कोणाला कळणार नाही. पण हात हलताना किंवा डाळ ओतताना तसं करू नका, चित्र तुटक दिसतं.

आणि कॅमेरा? तो विकत घ्यायची गरज नाही. जवळच्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा. मुहूर्त नसलेल्या दिवशी त्याचा कॅमेरा रिकामाच असतो. एका दिवसाचं भाडं द्या, किट लेन्ससकट आणा. एका दिवसात वर्षभर पुरेल एवढं मटेरियल निघतं, फक्त शॉट आधी कागदावर लिहून ठेवा.

कॅमेरा कोणी घ्यावा?

मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. तुम्ही इमिटेशन दागिने करता, दर आठवड्याला नवीन डिझाइन येतं, दरवेळी शूट करावं लागतं, तर कॅमेरा तुमच्या धंद्याचं हत्यार आहे. भाड्याचा वर्षाचा हिशेब मांडा. भाडं कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जायला लागलं की घ्या, बिनधास्त. ५० एफ १.८ ही कॅमेऱ्याच्या मानाने स्वस्त, उत्तम लेन्स आहे, कमी उजेडात तिच्यासारखी मदत कोणी करत नाही. माझा विरोध आहे तो लाजेपोटी केलेल्या खरेदीला. लाज लपवायला घेतलेली वस्तू हप्ता फेडत नाही.

त्या भिंतीचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. ताईंना मी म्हटलं, चुना आणा आणि एका सुट्टीच्या दिवशी मारून टाका. चुना भिंतीला लावायचा, गिऱ्हाईकाला नाही. त्या हसल्या. भिंत पांढरी झाली, पोपड्यांच्या खुणा तरी दिसतातच. चौथ्या शॉटमध्ये ती भिंत आहे, समोर खाटेवर पांढऱ्या धोतरावर वड्यांच्या रांगा आहेत. विक्री किती वाढली हे सांगायला अजून वेळ आहे, आणि एका व्हिडिओने धंदा उभा राहतो असं मी कधीच सांगत नाही. पण कर्ज निघालं नाही, आणि व्हिडिओ ताईंच्या घराचा आहे, हे त्यात दिसतं.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. मोबाइल असो की कॅमेरा, तुमच्या मालाचे दोन शॉट काढा. एक जवळून, मागचं धूसर ठेवून. दुसरा लांबून, सगळं स्पष्ट ठेवून. दोन्ही घरच्यांना दाखवा आणि एकच विचारा, ‘यातलं बघून तू पैसे देशील का?’ काय उत्तर आलं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा करा, हिशेब ठेवा!